मुरगळलेला घोटा महिनोन्‌महिने दुखतोय? अल्ट्रासाउंडने कसा बघायचा, नवशिक्यांसाठी

घोटा मुरगळला, सुजला, बर्फ लावला, पट्टा बांधला, दोन-तीन आठवड्यांत चालायलाही लागला, आणि आता तीन महिने झाले तरी जिना उतरताना नाहीतर खडबडीत रस्त्यावर बाहेरच्या बाजूला कळ येतेच. असा पेशंट तुमच्याकडे येणार म्हणजे येणारच. वेगवेगळ्या अभ्यासांत एक वर्षानंतरही दुखणं राहिलेल्यांचं प्रमाण ५ ते ३३ टक्के निघालंय, आकडा एवढा मागेपुढे होतो कारण कोण कशाला दुखणं म्हणतं यावर सगळं आहे, पण कमीत कमी आकडा धरला तरी माणसं भरपूर होतात.

हे लिहितोय ते नुकतंच मस्क्युलोस्केलेटल (स्नायू, सांधे, हाडांचं) अल्ट्रासाउंड शिकायला लागलेल्यांसाठी, म्हणजे रेसिडेंट असाल, स्पोर्ट्स मेडिसिनवाले असाल, प्रोब (कातडीवर फिरवायचा मशीनचा भाग) हातात घ्यायची परवानगी आणि ट्रेनिंग असलेले फिजिओ असाल. ज्यांचा स्वतःचाच घोटा दुखतोय त्यांनीही वाचायला हरकत नाही, आपल्या पायावर नेमकं काय चाललंय ते तरी कळेल.

आधी बोट, मग प्रोब

मशीन चालू करायच्या आधी पाच मिनिटं पेशंटशी बोला. पाय आत वळला होता की बाहेर, तेव्हा 'कट्' असा आवाज आला का, लगेच पाय टेकवता आला का, आता नेमकं कधी दुखतं, घोटा दगा देतो का म्हणजे चालता चालता अचानक वळतो का, मागच्या बाजूला काही सटकल्यासारखं वाटतं का, झिणझिण्या किंवा जळजळ आहे का. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, त्यांना सांगा "एका बोटाने दाखवा कुठे दुखतं". बरेच जण अख्खा तळहात घोट्यावर फिरवतात, तेव्हा पुन्हा सांगायचं, एकच बोट. जिथं बोट टेकेल तिथं स्किन पेनने खूण करून ठेवा. मी सुरुवातीला हे करायचो नाही, थेट प्रोब लावायचो, आणि लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) फाटलेलं दिसलं की खूश होऊन रिपोर्ट लिहायचो. एकदा एका पेशंटनेच विचारलं की "डॉक्टर, तुम्ही पुढे बघताय, दुखतंय तर मागे", आणि खरंच मागे टेंडनला, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला, उभी चीर होती. पुढचं फाटलेलं लिगामेंट किती वर्षांपूर्वीचं होतं कोण जाणे. एका माणसाचा घोटा आयुष्यात चार वेळा मुरगळलेला असू शकतो, स्क्रीनवर त्या चारही वेळांचे व्रण एकत्रच दिसतात, त्यातलं आत्ता दुखतंय कुठलं हे मशीन सांगत नाही, ते बोट सांगतं.

एक्स-रे कधी काढलाच नसेल तर तेही आत्ताच बघून घ्या. ओटावा रूल्स माहीत असतील, म्हणजे मुरगळलेल्या घोट्याचा एक्स-रे काढायचा की नाही ते ठरवणारे नियम, कॅनडातल्या ओटावामध्ये डॉ. इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी केलेले, १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाची मागची कड (खालच्या ६ सेंटीमीटरपर्यंत) किंवा टोक दाबल्यावर दुखणं, पावलात पाचव्या मेटाटार्सलच्या (करंगळीमागचं लांब हाड) बुडाशी किंवा नॅव्हिक्युलरवर (पावलाच्या आतल्या बाजूचं हाड) दुखणं, किंवा लागल्यावर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता न येणं. हे नियम ताज्या दुखापतीसाठी आहेत, तीन महिन्यांच्या दुखण्याला जसेच्या तसे लावायचे नाहीत, पण त्या वेळी एक्स-रे काढायला हवा होता आणि राहून गेला एवढं त्यातून नक्की कळतं.

मशीन आणि बसण्याची पद्धत

लिनियर प्रोब, फ्रिक्वेन्सी जास्त, १२ ते १८ मेगाहर्ट्झच्या आसपास. छोटा हॉकी स्टिक प्रोब असेल तर उत्तम, कारण घोटा म्हणजे सगळे उंचवटे, मोठा प्रोब एका बाजूने हवेतच राहतो. डेप्थ २ ते ३ सेंटीमीटर, बघायचंय ते सगळं कातडीच्या लगेच खाली आहे. नवशिके डेप्थ ५-६ वर ठेवून स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढं लिगामेंट शोधत बसतात, तसं करू नका. फोकस वर आणा. जेल सढळ हाताने वापरा.

पेशंटला पाठीवर झोपवा, गुडघा वाकवून पाऊल टेबलावर सपाट, ही बाहेरच्या आणि पुढच्या बाजूसाठी सोपी पोझिशन. मागच्या टेंडन्ससाठी कुशीवर वळवा, घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी. तुमची करंगळी पेशंटच्या पायावर टेकलेली हवी, हात अधांतरी असेल तर प्रोब घसरत राहणार. आणि दाबू नका. हलक्या हाताने धरायची सवय पहिल्या दिवसापासून लावली नाही तर पुढे पाणी, सूज, रक्तप्रवाह सगळं तुमच्याच दाबाखाली गायब होतं.

काळं दिसलं म्हणजे फाटलं असं नाही

याच्यावर जरा जास्त बोलतो कारण सगळे इथेच फसतात, मीही फसलोय. लिगामेंट आणि टेंडन म्हणजे समांतर धाग्यांची जुडी. लहरी त्यांच्यावर काटकोनात पडल्या की ते पांढरे, रेषारेषांचे दिसतात, आणि प्रोब थोडा जरी तिरका झाला की तेच निरोगी लिगामेंट काळपट दिसायला लागतं. याला अ‍ॅनिसोट्रॉपी म्हणतात. घोट्यात तर जवळपास प्रत्येक लिगामेंट तिरकं आणि बाहेरच्या घोट्यामागचे पेरोनियल टेंडन्स हाडाला वळसा घालून जातात, म्हणजे हा घोळ व्हायला एकदम योग्य जागा.

उपाय साधा आहे. काळं दिसलं की तिथंच थांबून प्रोबचं एक टोक हलकेच दाबा, मग दुसरं, मग बाजूला कलवून बघा. कुठल्यातरी कोनात धागे पांढरे होऊन सलग दिसले तर विषय संपला, ते फाटलेलं नाही. सगळ्या कोनांतून काळंच राहिलं, धागे तुटक दिसले, दुसऱ्या दिशेने म्हणजे आडवं धरूनही तेच दिसलं, तरच पुढचा विचार. आणि प्रत्येक गोष्ट दुसऱ्या पायावर बघायची, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

पहिला थांबा, एटीएफएल

पाय आत वळून मुरगळला की सगळ्यात आधी मार खातं ते अँटेरियर टेलोफिब्युलर लिगामेंट, रोजच्या बोलण्यात एटीएफएल. बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या, म्हणजे फायब्युलाच्या, टोकाजवळ पुढच्या कडेपासून निघून टॅलसला, म्हणजे नडगीखालच्या सांध्यातल्या हाडाला, जातं. प्रोबचं मागचं टोक फायब्युलाच्या टोकावर ठेवा, पुढचं टोक पायाच्या बोटांकडे, साधारण तळव्याला समांतर. पाऊल थोडं खाली आणि आत वळवा, लिगामेंट ताणलं जातं आणि सरळ होतं, सैल असताना ते वाकडं होऊन उगाच काळं दिसतं. स्क्रीनवर एका बाजूला फायब्युलाची पांढरी कड, दुसऱ्या बाजूला टॅलसची, आणि मधे साधारण २ मिलिमीटर जाडीची रेषारेषांची पट्टी.

जुन्या दुखापतीत इथं काय काय दिसू शकतं: लिगामेंट जाड आणि काळपट झालेलं, किंवा उलट पातळ होऊन ढिलं पडलेलं, ताणलं तरी सरळ न होणारं, किंवा जागेवर नाहीच, किंवा एका टोकाला हाडाचा छोटा कपचा घेऊन बसलेलं. तो गोल गुळगुळीत कपचा जन्मापासूनचं जादाचं हाडही असू शकतं, म्हणून त्यावर प्रोबने दाबून दुखतं का ते विचारा.

आता मुद्दा असा की जाड झालेलं लिगामेंट हे बऱ्याचदा बरं झालेलं लिगामेंट असतं. भरून आलेला व्रण तो. दाबून दुखत नाही, डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह रंगात दाखवणारा मोड) रंग नाही, ताणल्यावर घट्ट आहे, तर त्याच्यावर दुखण्याचं खापर फोडू नका. रिपोर्टमध्ये लिहा, पण दुखण्याचं कारण म्हणून लिहू नका.

घट्ट आहे की नाही हे बघायला स्ट्रेस टेस्ट. पेशंटला पालथं झोपवा, पावलं टेबलाच्या बाहेर लोंबकळती. प्रोब एटीएफएलवर धरून दुसऱ्या हाताने टाच जमिनीकडे ढकला, म्हणजे टॅलस पुढे सरकतो, फायब्युला आणि टॅलसमधलं अंतर वाढतंय का बघा. अंतर ताणाच्या आधी आणि ताण दिल्यावर मोजा, मग दुसऱ्या पायावर. काही माणसांचे सगळेच सांधे सैल असतात, त्यामुळे एकाच पायाचा आकडा घेऊन निष्कर्ष काढला की चुकलंच. एकट्याला दोन्ही हातांनी हे जमायला वेळ लागतो, सुरुवातीला कुणाला तरी टाच ढकलायला सांगा आणि तुम्ही फक्त प्रोब सांभाळा.

सीएफएल

कॅल्केनिओफिब्युलर लिगामेंट फायब्युलाच्या टोकाखालून टाचेच्या हाडाकडे खाली आणि किंचित मागे जातं, पेरोनियल टेंडन्सच्या खालून. पाऊल वर उचलून धरायला सांगा, मग ते ताणलं जाऊन सरळ होतं. इथली गंमत अशी की लिगामेंट शाबूत असेल तर पाऊल वर घेताना ते ताणलं जाऊन वरच्या टेंडन्सना हलकेच उचलतं, अगदी हिंदोळ्यासारखं दिसतं. टेंडन्स उचलले जात नसतील तर लिगामेंट ढिलं किंवा तुटलेलं असल्याचा संशय घ्या. ही हालचाल एकदा चार-पाच निरोगी घोट्यांवर बघून ठेवा, मग नसलेली लगेच डोळ्यात येते.

तिसरं बाहेरचं लिगामेंट, पोस्टेरियर, खोल असतं, अल्ट्रासाउंडवर नीट दिसत नाही आणि एकटं क्वचितच फाटतं. सोडून द्या.

जरा वर, सिंडेस्मोसिस

पाय बाहेरच्या बाजूला पिळला गेला असेल आणि दुखणं घोट्याच्या वर पुढच्या बाजूला असेल, नडगी आणि फायब्युला पोटरीच्या मधोमध एकत्र दाबल्यावर खाली कळ येत असेल, तर सिंडेस्मोसिस, म्हणजे ही दोन हाडं खाली लिगामेंटने जिथं बांधलेली असतात ती जागा, बघायलाच हवी. प्रोब टिबिया (नडगीचं हाड) आणि फायब्युलावर आडवा ठेवा, मग फायब्युलाकडचं टोक थोडं खाली फिरवा, पुढचं टिबिओफिब्युलर लिगामेंट तिरक्या पट्टीसारखं दिसेल. पाऊल बाहेर वळवून दोन हाडांमधलं अंतर रुंदावतं का बघा. ही दुखापत साध्या मुरगळण्यापेक्षा सावकाश बरी होते आणि पहिल्यांदा बऱ्याचदा हुकते. अंतर वाढताना दिसलं तर तिथंच थांबून ऑर्थोपेडिककडे पाठवा, अल्ट्रासाउंडवर सगळं ठरवायची ही जागा नाही.

मागे सटकतंय म्हणणारे पेशंट

माझ्या मते रेंगाळलेल्या दुखण्यात सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. बाहेरच्या घोट्याच्या मागे दोन टेंडन्स एकाच खाचेतून जातात, पेरोनियस ब्रेव्हिस हाडाला चिकटून आणि लाँगस त्याच्या मागे-वर. प्रोब आडवा धरा, फायब्युलाच्या मागून सुरुवात करून वळसा घेत खाली पावलापर्यंत सलग या, मधे उचलू नका. ब्रेव्हिस पाचव्या मेटाटार्सलच्या बुडापर्यंत जातं, लाँगस तळव्याखाली वळतं.

ब्रेव्हिसला उभी चीर पडते ती आडव्या इमेजमध्ये छान कळते. टेंडन गोल-लांबट दिसण्याऐवजी चपटं होऊन लाँगसभोवती इंग्रजी सी सारखं गुंडाळलेलं दिसतं, किंवा एकाचे दोन तुकडे दिसतात. फसवणाऱ्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ब्रेव्हिसचा स्नायू काहींमध्ये जरा जास्तच खालपर्यंत येतो आणि काहींना पेरोनियस क्वार्टस नावाचा जादाचा स्नायू असतो, त्यामुळे "हे तिसरं काय" असं वाटलं तर वर वर जाऊन ते स्नायूत मिसळतंय का बघा. दोन, वळशाच्या जागी अ‍ॅनिसोट्रॉपी, वर सांगितलंय तेच.

टेंडनच्या आवरणात थोडंसं पाणी निरोगी माणसातही असतं. जास्त असेल तर टेंडनलाच काहीतरी झालंय असं गृहीत धरू नका, सीएफएल फाटलं की सांध्यातलं पाणी तिथून टेंडनच्या आवरणात शिरू शकतं. म्हणजे पाणी टेंडनच्या आवरणात दिसतंय आणि दुखापत खालच्या लिगामेंटची, असंही होतं.

सटकणं मात्र पडून राहिलेल्या पायावर कधीच दिसणार नाही. प्रोब घोट्याच्या मागे आडवा, एकदम हलका, आणि पेशंटला सांगा पाऊल वर आणि बाहेर वळवा, तुम्ही दुसऱ्या हाताने विरोध करा. टेंडन फायब्युलाच्या कडेवरून उडी मारून पुढे येताना दिसलं तर वरचा रेटिनॅक्युलम, म्हणजे त्यांना खाचेत बांधून ठेवणारा पट्टा, फाटलाय किंवा हाडावरून सुटलाय. कधी टेंडन्स खाचेतच राहतात पण एकमेकांच्या जागा बदलतात, तेही सटकणंच आणि तेही दुखतं. प्रोब जोरात दाबला तर तुम्ही स्वतःच टेंडनला जागेवर धरून ठेवता आणि टेस्ट नॉर्मल येते, हे माझ्याकडून इतक्या वेळा झालंय की आता मी मुद्दाम जेलचा जाड थर ठेवून प्रोब जवळजवळ तरंगता धरतो. व्हिडिओ क्लिप सेव्ह करा, इथं एका फोटोचा उपयोग नाही.

सांधा आणि पुढचा कोपरा

पाऊल थोडं खाली वळवून प्रोब घोट्याच्या पुढे उभा ठेवा. टिबिया, टॅलस आणि मधे चरबीचा त्रिकोण. पाणी भरलं की ही चरबी पुढे ढकलली जाते. टॅलसच्या गोलाईवर एक काळी सारख्या जाडीची पट्टी दिसते ती कूर्चा असते, पाणी नाही, पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण तिला पाणी म्हणतो. ओळख सोपी, दाबून बघा, पाणी सरकतं, कूर्चा हलत नाही.

मग प्रोब पुढच्या-बाहेरच्या कोपऱ्यात न्या, टिबिया, फायब्युला आणि टॅलस तिघांच्या मधल्या खोबणीत. मुरगळल्यानंतर इथं सायनोव्हियम (सांध्याचं आतलं अस्तर) सुजून जाड होतं आणि पाऊल वर घेताना चिमटतं, पेशंट म्हणतो उतारावर किंवा उकिडवं बसताना पुढे अडकल्यासारखं वाटतं. दाबल्यावर न सरकणारा काळपट गोळा, आणि पॉवर डॉप्लर लावला की त्यात रंग. डॉप्लर लावताना पीआरएफ (पल्स रिपिटिशन फ्रिक्वेन्सी) कमी, गेन एवढा की ठिपक्यांचा कचरा जेमतेम नाहीसा होईल, आणि प्रोबचा दाब शून्य. हा गोळा नेमका त्या पेनच्या खुणेखाली आला आणि प्रोबने दाबल्यावर "हो हो, हेच" असं ऐकू आलं, तर दुखण्याचं कारण बऱ्यापैकी हाताला लागलं समजा.

खूण दुसरीकडेच असेल तर

पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी असेल तर हाडाची पांढरी कड सलग आहे का बघा, कपचा निघालेला असू शकतो, फक्त लहान मुलांमध्ये तिथं वाढीची फट असते ती फ्रॅक्चर समजू नका. घोट्याच्या पुढे-खाली, पावलाच्या वरच्या बाहेरच्या भागात असेल तर टाचेच्या हाडाचं पुढचं टोक आणि तिथलं बायफर्केट लिगामेंट बघा, हे फ्रॅक्चर एक्स-रेवर हमखास हुकणाऱ्यांपैकी आहे. आतल्या बाजूला असेल तर डेल्टॉइड लिगामेंट आणि टिबियालिस पोस्टेरियर टेंडन.

जळजळ किंवा झिणझिण्या असतील तर नर्व्ह. सुपरफिशियल पेरोनियल नर्व्ह बाहेरच्या घोट्याच्या साधारण १० ते १२ सेंटीमीटर वर फॅशियातून (स्नायूंवरचं आवरण) बाहेर येते, पाय आत वळला की ती ताणली जाते. पाऊल खाली-आत वळवून चौथं बोट खाली दाबलं तर काही जणांत ती कातडीखाली दोरीसारखी नुसत्या डोळ्यांनीही दिसते. तिथून प्रोब आडवा धरून वर वर जा, कुठं फुगलीये का आणि तिथं दाबल्यावर पावलावर झिणझिण्या जातात का ते बघा. घोट्याच्या मागच्या बाजूला तसंच होत असेल तर छोट्या शिरेच्या शेजारची सुरल नर्व्ह.

काहीच नाही सापडलं

होतं असं, आणि पेशंटला "सगळं नॉर्मल आहे, मनातलं आहे" म्हणून घरी पाठवायचं नाही. अल्ट्रासाउंड हाडाच्या आत बघू शकत नाही. हाडाला बसलेला आतला मार आणि टॅलसच्या कूर्चेला पडलेला खड्डा ही रेंगाळलेल्या दुखण्याची मोठी कारणं आहेत आणि दोन्ही आपल्या नजरेआड, टॅलसच्या वरच्या पृष्ठभागाचा फक्त पुढचा भाग दिसतो तोही पाऊल खाली वळवलं तर. खोल कुठेतरी दुखतं, बोट ठेवता येत नाही, सांधा अडकतो, वारंवार पाणी भरतं, असं असेल तर एमआरआय सुचवा. आणि पाय एकाच बाजूला थंड-गरम होतो, रंग बदलतो, नुसतं पांघरूण लागलं तरी सहन होत नाही, असं कोणी सांगितलं तर स्कॅन कितीही स्वच्छ असू दे, कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोमचा संशय घेऊन लवकर पुढे पाठवा. पोटरीच सुजलीये आणि दुखतेय तर आधी शिरेतली गुठळी नाही ना ते बघा, घोटा नंतर.

रिपोर्ट

पानभर लिगामेंट्सची नावं लिहून पाठवणाऱ्यानं वाचणाऱ्याचं काम वाढवलेलं असतं. पहिली ओळ पेशंटच्या बोटाची असू दे. उदाहरणार्थ: "जास्तीत जास्त दुखणं उजव्या बाहेरच्या घोट्याच्या मागे. त्या जागी पेरोनियस ब्रेव्हिसला उभी चीर, प्रोबने दाबल्यावर नेहमीचंच दुखणं उमटतं, हालचालीत टेंडन सटकत नाही. एटीएफएल जाड पण सलग, स्ट्रेसमध्ये डाव्याइतकंच स्थिर, दाबून दुखत नाही, जुनी दुखापत असण्याची शक्यता. टॅलसची कूर्चा या तपासणीत पूर्ण दिसत नाही." एवढ्यात समोरच्याला कळतं काय करायचं ते. आणि प्रत्येक इमेजवर डावा की उजवा ते तिथल्या तिथं टाइप करा, दोन्ही पाय स्कॅन केल्यावर संध्याकाळी बसून आठवायला गेलात तर सगळे घोटे सारखेच दिसतात.